चिठ्ठीवर ‘मीटिंगला जा’ लिहून देणाऱ्या डॉक्टरांना खुले पत्र

व्यसनमुक्ती विभागातले डॉक्टर, समुपदेशक आणि परिचारिका यांना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमची जुनी पेशंट. तुमच्यापैकी नेमकी कुणाची, ते सांगत नाही आणि पत्राखाली नावही लिहिणार नाही. मी ज्या गटात बसते तिथली ती रीत आहे. एवढं सांगते: मी बाई आहे, मी दारू प्यायचे, दोनदा वॉर्डात भरती झाले आणि दुसऱ्यांदा बाहेर पडल्यापासून प्यायलेली नाही. सात वर्षं झाली.

माझी मागणी आधीच सांगून टाकते, कारण तुम्हाला वेळ किती कमी असतो ते मी खाटेवर पडून पाहिलं आहे. पेशंटला नुसतं ‘मीटिंगला जा’, म्हणजे दारू सोडलेल्यांच्या सपोर्ट ग्रुपच्या मीटिंगला जा, असं कागदावर लिहून घरी पाठवू नका. तो वॉर्डात असतानाच, त्याला विचारून, त्याच्यासमोर मीटिंगमधल्या एखाद्या माणसाला फोन लावा आणि फोन पेशंटच्या हातात द्या. हे का करायचं आणि कसं, एवढंच पुढे लिहिलं आहे.

पहिल्या वेळी मी नऊ दिवस भरती होते. उपचारांबद्दल माझ्या मनात किंतु नाही. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली की काय होतं ते तुम्ही जाणता. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन माणूस जिवालाही मुकू शकतो. मला तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसत होत्या आणि मी त्या नखांनी खरवडत होते. त्या रात्री ज्या डॉक्टरबाई माझ्या उशाशी होत्या त्यांच्यामुळे मी आज हे लिहिते आहे. हे आधी नोंदवते, म्हणजे पुढचं वाचताना मी उपकार विसरले असं कुणाला वाटायला नको.

डिस्चार्जच्या दिवशी मला गोळ्यांची चिठ्ठी मिळाली, पुढच्या तपासणीची तारीख मिळाली आणि सपोर्ट ग्रुपचा पत्ता असलेला एक कागद मिळाला. झेरॉक्सची झेरॉक्स होती ती. फोन नंबरातला शेवटचा आकडा तीन आहे की आठ, ते कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, “इथे जात जा, फायदा होतो.” मी “हो” म्हटलं. मागे माझा नवरा सामानाची पिशवी घेऊन उभा होता, त्यानेही मान हलवली. सगळं मिळून अर्धा मिनिट लागला असेल.

तो कागद चार घड्या घालून मी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. अकरा आठवडे तो तिथेच राहिला. रोज उघडत होते असं म्हटलं तर खोटं होईल, पण आठवड्यातून दोनदा तरी उघडायचे. एकदा घरी कुणी नसताना शेवटचा आकडा तीन धरून फोन लावला. एका लहान मुलाने उचलला आणि विचारलं, “कोण पाहिजे?” कोण पाहिजे ते मला सांगता येईना. फोन ठेवला. आठ धरून लावायचं धाडस त्या दिवशी झालं नाही, दुसऱ्या दिवशीही झालं नाही. शेवटी एका मंगळवारी मी थेट पत्त्यावर गेले. खोलीला कुलूप होतं. जिना झाडणाऱ्या माणसाने सांगितलं, “ते लोक आता इथे नाही बसत. दोन वर्षं झाली.” त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, निदान मला तसं वाटलं. त्या संध्याकाळी मी प्यायले.

प्यायले ती मी. कागदाने पाजली नाही की कुलपाने पाजली नाही. पण त्या अकरा आठवड्यांत माझ्या आत काय चाललं होतं ते तुम्हाला सांगायला हवं, कारण तपासणीच्या पाच मिनिटांत ते कुणी सांगत नाही. नुकती दारू सुटलेल्या माणसाला मीटिंगला न जाण्याचं कारण शोधावं लागत नाही. ते समोर चालून येतं. तिथे ओळखीचं कुणी भेटलं तर? सगळे माझ्याहून वाईट अवस्थेतले असले तर? माझी अवस्था सगळ्यांत वाईट निघाली तर? सगळ्यांसमोर उभं राहून बोलायला लावतील का? बाई म्हणून मी एकटीच असले तर? शरमेने जड झालेला माणूस जिन्याच्या पहिल्या पायरीवरून परत फिरतो, आणि परत फिरल्याचीही त्याला शरम वाटते. अशा माणसाला तुम्ही पत्ता देता तेव्हा तुमच्या दृष्टीने एक काम पूर्ण होतं. त्याच्या दृष्टीने तिथून पुढचं सगळ्यांत अवघड काम सुरू होतं, आणि ते तो एकटा करत असतो, ते सुद्धा ज्या दिवसांत त्याला साधा भाजीचा हिशोबही नीट करता येत नाही अशा दिवसांत.

आता दुसरी भरती. चौथी रात्र, झोप नाही. रात्रपाळीच्या सिस्टर साडेआठच्या सुमारास फेरीला आल्या आणि माझ्याजवळ थांबल्या. “मागच्या वेळी मीटिंगला गेला होतात?” त्यांनी विचारलं. मी पर्समधून तो कागद काढून दाखवला. घड्यांवर तो आता फाटायला आला होता. त्यांनी तो दिव्याखाली धरून वाचला, काही न बोलता आपल्या खिशात ठेवला आणि टेबलाच्या खणातून एक वही आणली. साधी, दोनशे पानी. त्यात नावं नव्हती, नुसती आद्याक्षरं आणि नंबर, आणि प्रत्येक नंबरापुढे पेन्सिलने एक तारीख. नंबर चालू आहे ना हे त्यांनी शेवटचं कधी तपासलं, त्याची ती तारीख.

“बाईशी बोलाल की पुरुषाशी?” त्यांनी विचारलं. हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. “लावू का फोन? तुम्ही नको म्हणालात तर नाही लावणार.”

मी हो म्हटलं. सिस्टर पलीकडच्या बाईंशी दोनच वाक्यं बोलल्या, माझं नाव न घेता, आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडून आवाज आला, “नाव सांगायची घाई नाही. आज कितवा दिवस?”

“चौथा.”

“झोप येत नसेल.”

एवढ्यावर मला रडू आलं. त्या थांबल्या, मग म्हणाल्या, “मी उद्या पाच वाजता येते. तुम्हाला बोलावंसं वाटलं नाही तर मी बोलेन.”

त्या आल्या. खाटेजवळच्या स्टुलावर बसल्या आणि मला एकही प्रश्न न विचारता वीसेक मिनिटं स्वतःबद्दल सांगत राहिल्या. सांगता सांगता म्हणाल्या, की घरात कुणाला वास येऊ नये, बाटली सापडू नये, म्हणून त्या दारू शेकायच्या रबरी पिशवीत भरून ठेवायच्या आणि पाठ दुखते म्हणून ती पिशवी घेऊन झोपायच्या. मी म्हटलं, “मी पण.” दोन भरत्यांत मिळून किती जणांनी माझा इतिहास लिहून घेतला असेल, पण ती रबरी पिशवी मी कुणालाही सांगितली नव्हती. तुम्ही चांगले प्रश्न विचारत नाही असं मला म्हणायचं नाही. पण काही गोष्टी प्रश्नांनी बाहेर येत नाहीत. समोरच्याने आपलं आधी काढून ठेवलं तर येतात.

जाताना त्या म्हणाल्या, “मंगळवारी सात वाजता मीटिंग आहे. पावणेसातला मी गेटपाशी उभी असेन.” मंगळवारी दुपारी चारला त्यांचा फोन आला. तोवर माझं डोकं दुखायला लागलं होतं आणि न जाण्याचं ठरलं होतं. मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, “डोकं दुखतंय तर दुखतं डोकं घेऊन या. मी उभी आहे.” कुणीतरी आपल्यासाठी गेटपाशी ताटकळत उभं आहे, या एका गोष्टीपुढे माझी बाकीची सगळी कारणं लंगडी पडली. मी गेले.

त्या सिस्टरांनी जे केलं ते काही नवं नव्हतं, हे मला पुढे कळलं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए. ए., ही दारू सोडणाऱ्यांची आमची संघटनाच मुळी अशा फोनमधून जन्मली. मे 1935 मध्ये बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात काम केलेला माणूस ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात आला होता. दारू सोडून त्याला काही महिनेच झाले होते. ज्या व्यवहारासाठी आला तो फिसकटला. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार होता, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि चर्चची यादी. आपल्यासारख्याच दुसऱ्या दारुड्याशी बोललो नाही तर आज आपण पिणार, हे त्याला कळत होतं. त्याने फोन लावायला सुरुवात केली, आणि एकातून दुसरं नाव मिळत मिळत हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोचला. त्यांनी 12 मे 1935 रोजी आपल्याकडे त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी घालून दिली. डॉ. बॉब शल्यचिकित्सक होते, म्हणजे तुमच्यातलेच, आणि दारूने पार खचलेले. पंधरा मिनिटांत उठायचं असं ठरवून ते आले होते. रात्रीचे अकरा वाजून गेले तरी दोघं बोलत होते. डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला तो 10 जून 1935 हा दिवस ए. ए. आपला स्थापना दिवस मानते.

पुढची गोष्ट खास तुमच्यासाठी आहे. या दोघांना तिसरा माणूस हवा होता. त्यांनी अ‍ॅक्रनमधल्या एका रुग्णालयात फोन करून तिथल्या परिचारिकेला विचारलं, तुमच्याकडे कुणी दारूचा पेशंट आहे का? होता. एक वकील, नुकताच धिंगाणा करून भरती झालेला. दोघं त्याच्या खाटेशी जाऊन बसले आणि तो तिसरा सभासद झाला. 1939 पासून सिस्टर इग्नेशिया या ख्रिस्ती जोगिणीने डॉ. बॉब यांच्याबरोबर अ‍ॅक्रनच्याच सेंट थॉमस रुग्णालयात दारूचे पेशंट भरती करून घ्यायला सुरुवात केली, तेही अशा काळात, जेव्हा बहुतेक रुग्णालयं अशांना दारातूनच परत पाठवत. सभासद वॉर्डात येऊन त्या पेशंटांशी बोलत. म्हणजे रुग्णालय आणि गट ही दोन वेगळी जगं मुळात नव्हतीच. ती कधी तुटली, कुणास ठाऊक. आज त्यांच्यामध्ये एक झेरॉक्स उरली आहे.

तुमच्यातले काही म्हणतील, गोष्टी ठीक आहेत, पुरावा काय? रास्त प्रश्न आहे. 2020 साली कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने ए. ए. आणि तिच्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमाच्या धर्तीवरच्या उपचारांचा आढावा प्रसिद्ध केला. 27 अभ्यास, 10,565 माणसं. पेशंटला पद्धतशीरपणे ए. ए.शी जोडून देणाऱ्या उपचारांनंतर बारा महिन्यांनी पूर्णपणे दारूविना असलेले शंभरातले सुमारे 42 होते, आणि इतर मान्य उपचार, त्यात वर्तनोपचारही आले, घेतलेल्यांमध्ये सुमारे 35. हा चमत्कार नव्हे, आणि तो चमत्कार आहे असं आमच्यातलं कुणी म्हणालं तर तुम्ही त्याला थांबवावं. पण शंभरातली ती सात माणसं मोजताना मला चेहरे दिसतात. आणि एक बारकावा पाहा: हे आकडे पेशंटला पत्ता सांगून सोडून देण्याचे नाहीत. गटाशी जोडून देणं हा ज्यात उपचाराचाच भाग होता, त्याचे ते आहेत.

जोडून देण्याबद्दलचाही एक जुना अभ्यास आहे, 1981 चा. लहानसा, फक्त वीस पेशंटांचा, त्यामुळे त्यावर इमले बांधू नयेत. अर्ध्या पेशंटांना नेहमीप्रमाणे मीटिंगची माहिती दिली आणि जायला सांगितलं. उरलेल्यांच्या बाबतीत समुपदेशकाने पेशंटसमोरच एका सभासदाला फोन लावला, सभासद पेशंटशी बोलला, बरोबर यायची तयारी दाखवली आणि मीटिंगच्या दिवशी आठवणीचा फोन केला. पहिल्या गटातलं कुणीही मीटिंगला गेलं नाही. दुसऱ्या गटातले सगळे गेले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती वही आठवली, आणि पर्समधला कागदही.

तुम्ही ज्या मीटिंगला पेशंटला पाठवता ती आतून कशी असते, हे तुमच्यातल्या फार थोड्यांनी पाहिलं आहे. म्हणून माझी पहिली मीटिंग सांगते. खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. चौदा माणसं, त्यात आम्ही तीन बायका. मी दाराजवळची खुर्ची धरली आणि दारापर्यंत किती पावलं लागतील ते मोजून ठेवलं: पाच. सुरुवातीला काही वाचलं गेलं, मग एकेक जण बोलू लागला. कुणी मध्ये बोलत नव्हतं, कुणी सल्ला देत नव्हतं, कुणी कुणाला शाबासकीही देत नव्हतं. एका गृहस्थांना दारू सोडून एकोणीस वर्षं झाली होती. त्यांच्या शेजारचा मुलगा म्हणाला, “मी काल प्यायलो.” मला वाटलं, आता याला बाहेर काढतील. त्या एकोणीस वर्षंवाल्यांनी फक्त आपली खुर्ची त्याच्याकडे थोडी सरकवली. माझी पाळी आली तेव्हा बरोबरच्या बाईंनी शिकवून ठेवल्याप्रमाणे मी म्हटलं, “आज मी फक्त ऐकते.” सगळे एकदम म्हणाले, “या, बसा.” पुढच्याने बोलायला सुरुवात केली. इतक्या वर्षांत ज्या क्षणाला मी घाबरत होते तो तीन सेकंदांत संपला.

फी नव्हती, नोंदवही नव्हती. सभासद व्हायला एकच अट असते, दारू सोडायची इच्छा. शेवटी एक पिशवी फिरली, तीत जुन्यांनी काही टाकलं. मला म्हणाले, तुम्ही नव्या आहात, तुम्ही नका टाकू. निघताना तिथल्या दोघी बायकांनी एका चिटोऱ्यावर आपापले नंबर लिहून दिले. म्हणजे पुन्हा कागदच. पण या कागदावरचा प्रत्येक आकडा स्वच्छ होता आणि त्यामागचा चेहरा मी पाहिलेला होता.

मला तिथलं सगळंच आवडलं असं नाही. शेवटी प्रार्थना झाली, देवाचं नाव आलं, मी गप्प उभी राहिले. मी देव मानत नाही, आणि त्यावरून मला पुन्हा न जाण्याचं एक आयतं कारण मिळालं असतं. त्या बाईंनी मला ते आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून निभावलं. “ऐकू येईल ते. तुम्हाला म्हणायचं नसेल तर म्हणू नका. आणि हा गट नाही आवडला तर दुसरा पाहू.” मी तीन गट पाहिले आणि तिसऱ्यात टिकले. तुम्ही पेशंटला हे सांगता का, की गट सारखे नसतात? एक डॉक्टर पटला नाही म्हणून माणूस औषध सोडत नाही, डॉक्टर बदलतो. तसंच हे. ज्यांना देवाचा उल्लेखच नको त्यांच्यासाठी ए. ए.तही निधर्मी मीटिंग असतात. 1994 साली सुरू झालेलं स्मार्ट रिकव्हरी आहे, त्यात विचार आणि सवयी बदलण्याच्या युक्त्यांवर भर असतो, श्रद्धेचा प्रश्न येत नाही. 1975 पासून केवळ बायकांसाठीचं विमेन फॉर सोब्रायटी आहे. पायी जाण्याच्या अंतरावर यातलं काहीच नसेल तर ऑनलाइन मीटिंग आहेत, आणि ज्या बाईला संध्याकाळी घराबाहेर पडणंच शक्य नाही तिच्यासाठी त्या मोठा आधार आहेत. पहिल्या मीटिंगवरून निकाल देऊ नका, पाचसहा वेळा बसून पाहा, एवढं तुमच्या तोंडून पेशंटने ऐकलं तर त्याला फार बळ येतं. आम्ही सांगितलेलं त्याला आमचा प्रचार वाटतो.

गोळ्यांबद्दल एक कडक सूचना तुम्हीच द्यायला हवी. मी नैराश्याच्या गोळ्या घेत होते. दुसऱ्याच महिन्यात गटातल्या एका ज्येष्ठांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “गोळी म्हणजेही नशाच. ती सुटल्याशिवाय खरी सोबर नाही.” प्रेमाने सांगितलं, आणि पूर्ण चुकीचं सांगितलं. सभासदांनी डॉक्टर बनू नये ही ए. ए.ची स्वतःची अधिकृत भूमिका आहे, पण प्रत्येक खुर्चीपर्यंत ती पोचलेली नाही. डिस्चार्जच्या वेळी पेशंटला सांगून ठेवा, की असं कुणी म्हणेल, ऐकून घ्या, गोळी बंद करू नका, मला फोन करा. नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट, डिसल्फिराम या दारू सुटलेली राहावी म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी काही चालू असेल तर हे आणखी स्पष्ट सांगा. आणि पुन्हा घसरून रोज भरपूर प्यायला लागला तर केवळ मीटिंगच्या जोरावर एका रात्रीत बंद करायला जाऊ नको, आधी माझ्याकडे ये, हेही. गट तुमची जागा घेऊ शकत नाही. मुंग्यांच्या रात्री मला गट वाचवू शकला नसता.

माझ्या नवऱ्याबद्दलही लिहायला हवं. पहिल्या डिस्चार्जच्या वेळी तो पिशवी घेऊन उभा राहिला आणि मान हलवली, हे मी लिहिलं. त्याला कुणी काही दिलं नाही. झेरॉक्ससुद्धा नाही. पुढचे अकरा आठवडे तो कपाटं उघडून पाहायचा, माझ्या श्वासाचा वास घ्यायचा आणि रात्री जागा राहायचा. मी त्याचा राग राग करायचे. दारुड्यांच्या घरच्यांसाठी 1951 पासून अल-अनॉन आहे, हे त्याला दुसऱ्या वेळी त्याच सिस्टरांनी सांगितलं, आणि त्याच्यासाठीही वहीतून एक वेगळा नंबर लावला. तिथून परत आल्यावर तो पहिल्यांदा शांत झोपला. माझ्या न पिण्यात त्या झोपेचा वाटा किती, ते कोणत्याही तक्त्यात बसणार नाही.

तर मी काय मागते आहे? विभागात एक वही. महिन्यातून एकदा कुणीतरी तासभर बसून त्यातले नंबर, जागा आणि वेळा तपासायच्या. जागा बदलते आणि आम्ही तुम्हाला कळवत नाही, ही आमच्या गटांची चूक आहे, ती मी इथे कबूल करते. पण रुग्णालयांशी संपर्क ठेवणारी माणसं बऱ्याच ठिकाणी गटांनी नेमलेली असतात. त्यांना बोलावून घ्या, ती धावत येतील. वॉर्डात महिन्यातून एखादी मीटिंग भरवायला जागा देता आली तर त्याहून बरं, म्हणजे पेशंट पहिली मीटिंग वॉर्डाच्या कपड्यांतच पाहील आणि बाहेरच्या दाराची भीती निम्मी होईल. फोन लावण्याआधी पेशंटची परवानगी घ्या, नाव त्याचं त्याला सांगू द्या. नको म्हणाला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा, रागावू नका आणि अटही घालू नका. मीटिंग ही शिक्षा म्हणून दिली की माणूस तिथे अंगाने बसतो, मनाने बसत नाही.

आणि तपासणीला आल्यावर विचारा. मला दर वेळी “प्यालात का?” एवढंच विचारलं जायचं. त्याला उत्तर खरं असो की खोटं, एका शब्दात संपायचं. “मीटिंगला गेलात का? कसं वाटलं? कुणाचा नंबर घेतलात? त्याला फोन केलात?” असं विचारलंत तर तुम्हाला माणूस कुठे अडकला आहे ते कळेल, आणि प्यायला लागायच्या आधी कळेल.

तुमच्याकडे वेळ नाही हे मला मान्य आहे. सिस्टरांना त्या रात्री सहासात मिनिटं लागली असतील. माझ्या दुसऱ्या भरतीत तुमचे किती तास गेले ते मला माहीत आहे, आणि तिसरी भरती झाली नाही.

शेवटचं एक मागणं फक्त डॉक्टरांकडे आहे. एकदा स्वतः येऊन बसा. ओपन मीटिंगला कुणालाही येता येतं, तासाभराचं काम आहे. तुम्हाला कुणी बोलायला लावणार नाही. तुम्ही ज्यांना पुन्हा पुन्हा भरती होताना पाहता ते कंटाळलेले, खोटं बोलणारे, घामेजलेले लोक तुमच्या डोळ्यांसमोर असतात. जे परत येत नाहीत ते तुम्हाला दिसतच नाहीत. ते इथे बसलेले असतात. तुमच्या हातून बरे झालेले तुमचेच पेशंट तुम्हाला कधीतरी दिसावेत, असं मला मनापासून वाटतं.

मागच्या वर्षी सिस्टरांनी मला विचारलं आणि माझाही नंबर त्या वहीत गेला. आतापर्यंत त्यावरून मला नऊ फोन आले. सहाजणी मीटिंगला आल्या, त्यातल्या चौघी अजून येतात. तिघी आल्या नाहीत. त्यांच्यातल्या एकीसाठी मी गेटपाशी पाऊण तास उभी होते. मग आत जाऊन तिच्यासाठी ठेवलेली खुर्ची तशीच राहू दिली. नंबर तोच आहे, त्याच्यापुढे पेन्सिलने लिहिलेली तारीख या महिन्याची आहे. रात्री साडेदहापर्यंत लावलात तरी चालेल.

आपली,
एक जुनी पेशंट